चंद्रीचा डावा कान

रामकिसन साळवे यांची बीडला बदली झाली. आदेश निघाला, त्यावर जावक क्रमांक पडला, त्यांनी केजला जाऊन पत्र्याच्या पेटीला नवं कुलूपही घेतलं. आता हे काही घडलंच नाही असं धरून पुढं जाऊ. खात्यानंही तसंच धरलं आहे, आणि खात्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असा आव कशाला आणा.

तर त्या सोमवारी सकाळी रामकिसन गावच्या जनावरांच्या दवाखान्यात एका गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. गावचे पुढारी बंकटराव नेमके अशाच वेळी बोलायला येत. हात अडकलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हे राजकारणातलं सगळ्यात मोठं सत्य त्यांना कळलेलं होतं.

त्यांनी आधी पाण्याच्या हौदात गुटख्याची पिचकारी मारली. मग म्हणाले, "डॉक्टर, तुमचं काम झालं बगा. गुरुवारी आदेश. बीड. घरापासून चालत जाशीला."

रामकिसन डॉक्टर नव्हते. ते व्रणोपचारक, म्हणजे जखमा धुणारे, पट्ट्या बांधणारे. खरे डॉक्टर तीन दवाखाने सांभाळत आणि इथं मुख्यतः सहीच्या रूपानं येत; कोऱ्या फॉर्मवर आधीच करून ठेवलेल्या. त्यामुळे गाव रामकिसनलाच डॉक्टर म्हणे.

त्यांनी एकोणीस वर्षांत बदलीचे एकोणीस अर्ज केले होते. बायको सुभद्राबाई बीडला एकटी. तिला काचबिंदू, एक डोळा गेलेला, दुसरा वात खाली केलेल्या कंदिलासारखा. तपासणीसाठी तिला बीड सोडता येत नव्हतं. दर शनिवारी रामकिसन एसटीनं जात, रविवारी चर्चला तिचा हात धरून नेत आणि संध्याकाळी परत येत. नोकरीची तीन वर्षं उरली होती आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या अंदाजानं नजर दीड वर्षाची. तिला दिसतंय तोवर तिच्यासमोर बसावं, एवढीच त्यांची या जगातली इच्छा होती. सैतान असेल तर त्याला यापेक्षा सोपं गिऱ्हाईक मिळणं अवघड.

"अन् आमचं एक लई बारीक काम हाय," बंकटराव म्हणाले. "एक कान पाहिजे."

"कुणाचा?"

"चंद्रीचा."

"काय झालं चंद्रीला?"

"मेली ती."

मागं लिंबाला बांधलेली बंकटरावांची म्हैस चंद्री रवंथ करत होती. पंधरा दिवसांपूर्वी आडवं आलेलं तिचं रेडकू रामकिसननंच सोडवलं होतं.

"बंकटराव, ती हितंच उभी हाय."

"ती तुमच्या डोळ्याला. कागदाला कुठं डोळे असत्यात?"

योजना अशी होती. चंद्रीचा विमा होता आणि डाव्या कानात पिवळा बिल्ला. म्हैस मेली की विम्याच्या कागदांसोबत बिल्ला लागतो. नुसता बिल्ला लोक उपटून आणतात, म्हणून कानासकट लागतो. फोटोही लागतो, तर चंद्री दुपारी आडवी झोपते तेव्हा काढता येईल. फॉर्मवर डॉक्टरची सही होतीच. फक्त 'ओळख पटली' या रकान्यात रामकिसनची सही हवी होती आणि कानाला त्यांचा हात. बधिर करून नीट कापला तर म्हैस दचकणार नाही, दूध आटणार नाही. मेल्यावरही दूध चालू राहावं याची बंकटरावांना काळजी होती.

रामकिसन न्हाई म्हणाले नाहीत. इथं त्यांची बाजू घ्यायची सोय नाही. ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, चाळीस दिवस गोड खाणार नाही असा त्यांचा नेम होता, आणि चंद्री व्यायल्यावर बंकटरावांनी पाठवलेला खरवस त्यांनी आधीच खाल्ला होता. दोनदा. दुसऱ्यांदा तर पातेलं बोटानं पुसून. एकदा पातेलं पुसलेल्या बोटाला पुढचं सगळं जमतं, असं त्यांना वाटून गेलं.

गुरुवारी आदेश खरंच मोबाईलवर आला. रामकिसननी तो सुभद्राबाईला फोनवर वाचून दाखवला, जावक क्रमांकासकट. तिनं त्यांच्या खाटेसाठी जागा करायला शिलाई मशीन स्वयंपाकघरात सरकवली आणि गल्लीत सांगून टाकलं.

शुक्रवारी दुपारी ते बंकटरावांच्या गोठ्यात गेले. सुई भरली. चंद्रीचा डावा कान हातात घेतला. कान गरम होता, आतून मऊ, कडेनं केसाळ. तिला वाटलं हे नेहमीसारखे गोचीड काढायला आलेत, म्हणून तिनं डोकं त्यांच्या छातीला टेकवून आणखी थोडा कान पुढं केला. मागं बंकटराव फोटोसाठी मोबाईल पुसत होते.

रामकिसननी सुई जमिनीवर मोकळी केली.

"जमत न्हाई."

"देवाला भेलाव व्हय? तुमचा देव बीडाहून बगायलाय का हिकडं?"

"देवाचं न्हाई, बंकटराव. मला माझ्या हाताची शिसारी यायलीय. ह्याच हातानं मला बायकोच्या डोळ्यात थेंब सोडायचेत."

बंकटरावांना हे कारण अगदीच बिनकामाचं वाटलं. ते म्हणाले, मग थेंब शनिवारी शनिवारीच सोडा.

पुढच्या गोष्टी भराभर झाल्या. घाण काम सरकारी कामापेक्षा लवकर उरकतं. त्याच जावक क्रमांकावर, त्याच तारखेला, त्याच जागी शेजारच्या दवाखान्यातल्या लखन नावाच्या माणसाची बदली झाली. त्याची नोकरी सहा वर्षांची. त्याची बायको त्याच्यासोबतच राहत होती आणि तिला शेजाऱ्याच्या घड्याळातले काटेही दिसत. चंद्रीची ओळख लखनला पटली. मात्र रक्त बघून त्याला चक्कर येत असल्यानं कान बंकटरावांनी स्वतः कापला. ऊस तोडायच्या कोयत्यानं.

आठव्या दिवशी ते चंद्रीला घेऊन दवाखान्यात आले. वास आधी आला, म्हैस नंतर. कानाच्या जागी काळपट भोक होतं आणि ते हलत होतं. अळ्या पडल्या होत्या. त्या शिजणाऱ्या भातासारख्या वरखाली होत होत्या, आणि चंद्री डोकं तिरकं धरून भिंतीला घासत होती.

बंकटरावांनी नाकाला रुमाल लावला. "मला असलं बगवत न्हाई, डॉक्टर," ते म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

रामकिसननी टर्पेंटाईन ओतलं आणि चिमट्यानं एकेक अळी काढू लागले. मध्येच बाहेर जाऊन ओकले, चूळ भरली, परत आले. तासभर लागला. चंद्रीनं लाथ मारली नाही. मग त्यांनी रजिस्टर उघडलं, कारण कापूस वापरला की नोंद लागते, आणि लिहिलं: 'मयत म्हैस, वय सहा वर्षे. जखम धुतली. उद्या पुन्हा आणणे.' दुसऱ्या दिवशीही मेलेल्या म्हशीचं पाच लिटर दूध डेअरीत गेलं आणि गावानं त्याचा चहा प्याला.

शनिवारी सुभद्राबाईनं दार उघडलं आणि नाक वर केलं. "टर्पेंटाईनचा वास यायलाय. कुणाच्या अळ्या काढल्याव?"

त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत बसली, तोंड त्यांच्याकडे, पण जरा डावीकडे चुकलेलं. शेवटी म्हणाली, "मशीन परत सरकवावी लागंल मग."

त्यांनी सरकवली. मग साबणानं तीनदा हात धुऊन तिच्या डोळ्यात थेंब सोडले. तिनं त्यांचं बोट धरून ठेवलं.

"म्हैस खायलीय का काही?" तिनं विचारलं.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपवासकाळात दर वर्षी सांगतात तोच प्रसंग सांगितला. प्रभूला धरायला बागेत माणसं आली, एका शिष्यानं तलवार उपसून त्यांतल्या एका नोकराचा कान उडवला आणि प्रभूनं स्पर्श करून तो बरा केला. इथं रामकिसनना दर वर्षी एक धंद्यातला प्रश्न पडे: टाके न घालता? या वर्षी पडला नाही. त्यांनी फक्त विचार केला, की प्रभूचे हात कसे असतील.

सोमवारी त्यांनी विसावा अर्ज लिहायला घेतला. 'विषय : बदली मिळणेबाबत' एवढं सवयीनं लिहून झालं, ते खोडलं आणि खाली लिहिलं:

विषय : मयत म्हैस जिवंत असल्याची नोंद घेणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, श्री. बंकट यांची म्हैस चंद्री ही कागदोपत्री मयत असून आज रोजी उपचारास प्रतिसाद देत आहे. तरी सदर म्हशीस जिवंत समजण्यात यावे आणि दाव्यासोबत जोडलेला तिचा डावा कान तिला परत करण्यात यावा. कान पूर्ववत लावून देण्याची सोय या दवाखान्यात उपलब्ध नाही. ती ज्यांच्याकडे उपलब्ध आहे, त्यांच्याकडे हा अर्ज योग्य मार्गाने अग्रेषित करण्यात यावा, ही विनंती.