बाहेरून धरलेलं शटर

ढब्बू हे नाव त्याला लहानपणी शोभायचं. आता ताडमाड वाढलाय, अंगावर मांस शोधून सापडत नाही, पण घरात तो ढब्बूच. वहिनी गेल्यापासून त्याला मी वाढवलं. मी त्याची आत्या. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून माणसांबद्दल माझं मत काही फारसं बरं राहिलेलं नाही.

दादा, म्हणजे ढब्बूचा बाप, लिफ्ट दुरुस्त करतो. त्यांच्या कामात एक रीत आहे. मेकॅनिकच्या हातून चूक झाली आणि त्यानं ती आपणहून सांगितली, तर त्याला कुणी चकार शब्द बोलत नाही. लपवली आणि मागाहून कळली, तर त्याच दिवशी नारळ. लिफ्टमध्ये माणसं चढणार असतात, म्हणून. दादानं ही रीत जशीच्या तशी घरात आणली. ढब्बूनं शेजाऱ्यांची काच फोडली, शाळा बुडवली, माझ्या गिऱ्हाइकाच्या कोटाला इस्त्रीनं भोक पाडलं. रात्री जेवताना तो आपणहून सांगायचा, दादा नुसतं ‘बरं’ म्हणायचा आणि दोघं मिळून निस्तरायचे. मी म्हणायची, एकदा तरी कानाखाली वाजव. दादानं कधी हात उचलला नाही. आणि पोरगं कधी खोटं बोललं नाही, हेही कबूल करायला हवं.

त्या दिवशी जेवणं व्हायच्या आतच पोलिस दारात आले, त्यामुळे त्याला सांगायला सवडच मिळाली नाही. आमच्या मागच्या रस्त्यावर मोबाइलचं दुकान आहे. दुपारी दुकानदार डुलकी काढत असताना दोन पोरं आत शिरली. तो जागा झाला, तशी त्याला सळईनं मारलं. डोकं फुटलं, एका कानानं ऐकू येईनासं झालं. समोरच्या कॅमेऱ्यात दुकानाचं दार येत नव्हतं, पण पाठमोऱ्या दिसणाऱ्या त्या दोघांबरोबर ढब्बू रस्त्यानं येताना आणि मग एकटा पळताना दिसला.

आम्ही गाठलेली वकीलबाई हुशार होती. तिनं ढब्बूला समोर बसवून पढवलं, की तू रस्त्यावर उभा होतास, आत काय चाललंय ते तुला ठाऊक नव्हतं, याच्यापुढे एक अक्षर बोलायचं नाही. ढब्बूनं मान हलवली. आम्हाला वाटलं, हो म्हणतोय.

मुलांचं कोर्ट म्हणजे एक साधी खोली. पोरांनी बिचकू नये म्हणून भिंतीवर हत्ती आणि ससे रंगवलेले, आणि न्यायाधीशबाई काळा कोट न घालता साध्या कपड्यांत. त्या इतक्या मायेनं बोलल्या की मला क्षणभर हायसं वाटलं. बाळ, काय झालं ते न घाबरता सांग, एवढंच त्या म्हणाल्या. ढब्बूला आणखी काय हवं होतं?

“शटर मी ओढलं,” तो म्हणाला. “दुकानवाले काका बाहेर पळतील म्हणून ते दोघं म्हणाले, खाली घे आणि धरून ठेव. मी बाहेरून धरून ठेवलं. काका आतून शटर बडवत होते.”

“तुला ऐकू येत होतं?”

“हो. हातांनाही हादरे बसत होते. ते दोघं मागच्या दारानं गेल्यावर मग सोडलं.”

हे कुणालाच माहीत नव्हतं, पोलिसांनाही नाही. माझ्या हातचं खाऊन वाढलेलं पोर, एक माणूस आत मार खात असताना, जिवाच्या आकांतानं पत्रा बडवत असताना, तो पत्रा दाबून उभं होतं. उठून त्याला बडवावं असं वाटलं. आणि ढब्बू? सांगून झाल्यावर तो दादाकडे वळला, अगदी जेवताना बघतो तसा, मोकळ्या चेहऱ्यानं. दादाच्या तोंडून सवयीनं ‘बरं’ निघून गेलं.

दुकानदार डोक्याला पट्टी बांधून मागच्या बाकावर बसला होता. नंतर व्हरांड्यात तो आमच्याजवळ आला. आता शिव्या घालणार, म्हणून मी पदर खोचून तयार होते. पण तो दादाला एवढंच म्हणाला, की मला वाटलं होतं शटर अडकलंय. इतके दिवस मी त्या शटरलाच दोष देत होतो. एवढं बोलून तो हळूहळू जिना उतरून गेला. दादाची मान जी खाली गेली ती घर येईपर्यंत वर आली नाही.

बाकीच्या दोघांनी कानांवर हात ठेवले होते. आम्ही तिथे नव्हतोच, म्हणाले. सळई सापडली नव्हती, मार खाल्लेल्या माणसाला चेहरे आठवत नव्हते. ते आईबापांबरोबर घरी गेले. ढब्बूला मुलांच्या सुधारगृहात ठेवलं. न्यायाधीशबाईंनी आम्हाला तितक्याच मायेनं समजावलं, की हा मुलगा सगळं इतकं नीट, क्रमानं सांगतो, म्हणजे आपण काय करतोय हे त्याला पुरतं कळत होतं. वयही सोळाच्या पुढे आहे. तेव्हा याला मोठ्यांच्या कोर्टात पाठवायचं का, ते पुढच्या तारखेला ठरेल. तिकडे गेला तर कैक वर्षं तुरुंग, आणि तोही सराईत गुन्हेगारांबरोबर. मला वाटलं आपण चुकीचं ऐकतोय. सळई चालवणारे घरी, आणि हा खरं बोलला म्हणून मोठा?

पोराला असलं वळण लावलं म्हणून वकीलबाई दादावर चांगलीच उखडली. मग शांत झाल्यावर तिनं वाट काढली. शटर धरल्याला ढब्बूच्या तोंडाखेरीज पुरावा नाही. तेव्हा त्यानं सांगायचं, की घरी कबुली दिली की बाबा रागावत नाहीत, म्हणून मला न केलेलंही कबूल करायची सवय आहे. आणि वडिलांनी उभं राहून ते खरं आहे म्हणायचं.

सुधारगृहात आम्ही भेटायला गेलो तेव्हा ढब्बूचा ओठ सुजलेला होता. विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं, की त्या दोघांची नावं घेतली म्हणून इथल्या मोठ्या पोरांनी मारलं, तक्रार करू नका, आणखी मारतील. शेवटी मीच वकीलबाईचं सगळं सांगितलं. मला त्याची लाज वाटत नाही. पोर वाचवायचं होतं.

“पण मी केलंय ना ते,” ढब्बू म्हणाला. मला नाही, दादाला.

“आत्या सांगते तसं कर,” दादा टेबलाकडे बघत म्हणाला.

ढब्बू नुसतं ‘बरं’ म्हणाला.

तारखेला तो इतकं छान बोलला की वकीलबाईही चाट पडली. योग्य जागी अडखळला, योग्य जागी डोळे पुसले. दादा उभा राहिला आणि म्हणाला, हो, माझ्या मुलाला न केलेलं कबूल करायची खोड आहे. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. न्यायाधीशबाईंना ते पटलं. महिन्यातून एकदा समुपदेशन, वडिलांची हमी, आणि घरी. वकीलबाईनं ढब्बूची पाठ थोपटली. दुकानदार आला नव्हता, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

रात्री आम्ही तिघं जेवायला बसलो. मी सगळं ढब्बूच्या आवडीचं केलं होतं. थोडं खाऊन झाल्यावर दादानं हात धुतला आणि खुर्ची ढब्बूजवळ ओढली.

“आता इथे कुणी नाही,” दादा म्हणाला. “आपण त्या दुकानदाराकडे जाऊ. मी बरोबर येतो. काय करता येईल ते दोघं मिळून करू. फक्त एकदा मला सांग, शटर तूच धरलं होतंस ना?”

ढब्बूनं मान वर केली. सुजलेला ओठ आता बरा झाला होता. त्यानं दादाच्या डोळ्यांत सरळ बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही.

“कुठलं शटर, बाबा? मी तर रस्त्यावर उभा होतो.”

आणि त्यानं ताट माझ्यापुढे सरकवून आणखी भात मागितला.