दोघींचं काम एकीला

बोलतेय ती मीच. प्रशिक्षण केंद्राच्या मोठ्या खोलीत, फळ्याच्या डाव्या अंगाला जी निळी लोखंडी गाडी उभी आहे, ती. दोन्ही बाजूंना तीन-तीन चाकं, मागे उंच दांडा आणि पोटावर पांढऱ्या रंगात लिहिलेला नंबर. सहा चाकं असूनही मी दोन वर्षांत या भिंतीपासून हातभर हललेले नाही. लोक माझ्याकडे बघून ‘वा’ म्हणतात आणि चहाला निघून जातात.

पाण्यानं भरलेलं पिंप घेऊन जिना चढायचा, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. ते काम मी आयुष्यात दोनदा केलं आणि दोन्ही वेळा अर्धंच. तेवढ्यावर माझं इतकं नाव झालं की सांगायची सोय नाही.

मला नववीच्या मुलांनी घडवलं. त्यांच्या शाळेत व्यवसाय मार्गदर्शनाचा तास म्हणजे आधी निव्वळ आरामाचा तास होता. मुलांनी जाड कागदावर डॉक्टर, वैमानिक, इंजिनिअर यांची चित्रं चिकटवायची, खाली सुवाच्य अक्षरात नावं लिहायची, बाईंनी सही करायची, की झाला प्रकल्प. बाई मुळात भूगोलाच्या. त्यांच्या वेळापत्रकात दोन तास मोकळे सापडले, म्हणून हा विषय त्यांच्या गळ्यात पडला होता.

मग त्यांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. जाताना बाई कुरकुरत गेल्या, असं मुलं सांगत. माझ्या जन्माआधीचं सगळं मी मुलांच्याच तोंडून ऐकलंय. हात कामात असले की मुलं भरपूर बोलतात. परत आल्या त्या बाई मात्र वेगळ्याच होत्या.

“चित्रं बंद,” त्यांनी वर्गात सांगितलं. “एका माणसाचं काम दिवसभर बघायचं. मध्ये बोलायचं नाही. शाळा सुटताना एकच विचारायचं, यातलं काय नकोसं होतं? आणि ते कमी करणारी वस्तू तुम्ही तयार करायची. मी हात लावणार नाही.”

आणि खरंच लावला नाही. मला घडवताना बाई दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या. एकदा करवत अडकली तेव्हा न राहवून दोन पावलं पुढे आल्या, मग स्वतःच मागे फिरल्या. मुलं गालातल्या गालात हसली.

बावीस मुलांच्या त्या वर्गानं शाळेतल्या दोन मावश्या निवडल्या. थोरल्या मावशी आणि धाकट्या मावशी, सख्ख्या जावा. पिण्याच्या पाण्याचा नळ होता तळमजल्यावर आणि वर्ग होते दुसऱ्या मजल्यापर्यंत. दोन कड्यांचं पिंप भरायचं, एक कडी एकीनं धरायची, दुसरी दुसरीनं, आणि वर न्यायचं. दिवसातून आठ खेपा. दोघींचं भांडण पहिल्या पायरीला सुरू व्हायचं आणि वर पोचता पोचता मिटायचं, कारण तोवर बोलायला दम उरत नसे.

मुलांमध्ये एक मुलगी होती. दिसेल ते मोजायची म्हणून तिचं नावच मोजपट्टी पडलं होतं. शाळा सुटताना तिनं थोरल्या मावशींना तो ठरलेला प्रश्न विचारला.

मावशी आधी हसल्या. मग इकडंतिकडं बघून म्हणाल्या, “उजवा हात वर होत नाही गं. खांदा धरलाय. धाकटी ओढून घेते माझ्या वाटचं, म्हणून चाललंय. पण ऑफिसात बोलू नकोस हं. काम होत नाही म्हटलं की दुसरी बाई बघतील. मला अजून चार वर्षं काढायचीत.”

मोजपट्टीनं ते वहीत लिहिलं नाही, फक्त वर्गाला सांगितलं. वर्गानं शपथ घ्यावी तसं ते गुपित पाळलं. थोरल्या मावशींची चार वर्षं निघाली पाहिजेत, यासाठी मी आहे, हे माझ्या प्रत्येक जोडाला ठाऊक होतं.

माझी चाकं जुन्या प्रवासी बॅगांची. माझा सांगाडा एका मुलाच्या काकांनी वेल्ड केला. खरी युक्ती होती ती माझ्या त्रिकोणी पट्ट्यांमध्ये. एका पट्टीच्या तीन टोकांना तीन चाकं. पायरी आली की पट्टी गरकन फिरते आणि वरचं चाक पुढच्या पायरीवर जाऊन बसतं. पायरीच्या उंचीवर पट्टीचं माप ठरतं. मोजपट्टीनं पहिल्या जिन्याच्या सगळ्या पायऱ्या मोजल्या, एकूण एक, आणि सगळ्या सहा इंचांच्या निघाल्या.

चाचणीच्या दिवशी मी पिंप घेऊन चढले ते थेट पहिल्या मजल्यापर्यंत. थोरल्या मावशींनी मला एका हातानं ओढलं, डाव्या. “अगो, ही तर शेळीसारखी चढते,” त्या म्हणाल्या आणि धाकट्या मावशींकडं बघून हसल्या. इतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

दुसऱ्या जिन्याला मी अडले. चाकं पायरीला घासली, पट्टी अर्धी फिरली आणि मागे आली. तो मजला म्हणे पुढं कधीतरी चढवलेला. तिथल्या पायऱ्या आठ इंचांच्या होत्या. चालताना कुणाला कळत नाही, पण मला कळलं. मोजपट्टीचा चेहरा पडला.

बाई मात्र खूश झाल्या. “आता खरा प्रकल्प सुरू झाला,” त्या म्हणाल्या. “पहिली वस्तू चुकायलाच हवी, असं आम्हाला शिकवलंय. पट्ट्या मोठ्या करा.” काकांनी नव्या पट्ट्या कापून द्यायला आठ दिवस मागितले.

आठ दिवस नव्हते. प्रदर्शन चार दिवसांवर होतं आणि तपासणीला वरून मंडळी येणार होती. मुख्याध्यापक सर मला बघायला आले. सर वाईट नव्हते, घाईत होते. “चालते ना? मग पहिल्या मजल्यापर्यंतच दाखवा. सुधारणा काय, नंतर होतच राहतात.” मुलांनी मला निळा रंग दिला.

प्रदर्शनात मी पहिल्या मजल्यापर्यंत चढले. टाळ्या पडल्या. पाहुण्यांना दुसऱ्या मजल्यावर न्यायचं नाही, हे आधीच ठरलं होतं; चहा पहिल्या मजल्यावरच मांडला होता.

प्रत्येक वस्तूसोबत शाळा चालवणाऱ्या संस्थेला एक अहवाल द्यायचा होता. छापील कागद, त्यावर रकाने: समस्या, निरीक्षण, साहित्य, कृती. शेवटचा रकाना ‘फायदा’. मुलांनी तिथं लिहिलं होतं, मावशींना त्रास कमी होईल. बाईंना ते पसंत पडलं नाही. “असं मोघम नको. फायदा आकड्यात लिहा, प्रशिक्षणात बजावून सांगितलंय.” मोजपट्टीनं थोडा विचार केला, आधीची ओळ खोडली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘दोघींचं काम एकीला जमेल.’ तिच्या डोळ्यांपुढं डाव्या हातानं मला ओढणाऱ्या थोरल्या मावशी होत्या. बाईंनी खाली सही केली.

माझा पहिला नंबर आला. मला मुख्याध्यापकांच्या खोलीत कोपऱ्यात उभं केलं. लेखनिकानं वस्तुनोंदवहीत मला चढवलं आणि पोटावर नंबर घातला. आठ दिवसांनी मुलं नव्या पट्ट्या घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला, “आता हात लावता येणार नाही. नंबर पडलाय. पट्ट्या बदलल्या तर फोटोशी जुळायची नाही ही. उद्या कुणी विचारलं, तर मी काय सांगू?”

“पण ती वरच्या जिन्यावर चढत नाही,” मोजपट्टी म्हणाली.

“चढवायची कशाला? तिला इथं ठेवायचंय.”

नव्या पट्ट्या तशाच कागदात गुंडाळलेल्या परत गेल्या. मावश्या पिंप पूर्वीसारखंच नेत होत्या, एक कडी एकीची, एक दुसरीची. दाराबाहेरून जाताना दोघींचं भांडण मला ऐकू यायचं.

तिसऱ्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. अभिनंदन होतं, बाईंना प्रशिक्षक म्हणून नेमल्याचं होतं, आणि खाली दोन ओळींत होतं की गाडीमुळे पाण्याचं काम एका व्यक्तीत होत असल्यानं एक जागा कमी करण्यात येत आहे. कोणती, तेही होतं. वयानं मोठी ती.

बाई मोजपट्टीला घेऊन धावत आल्या. मी कोपऱ्यातच होते, मला सगळं ऐकू आलं.

“सर, ही गाडी दुसऱ्या मजल्यावर जात नाही. आणि ती वापरातही नाही. इथं उभी आहे, तुमच्यासमोर.”

“मला दिसतंय, बाई,” सर म्हणाले. “पण अहवाल वाचूनच ठरवलंय त्यांनी. तो मी लिहिला नाही. सही तुमची आहे.”

“मग मी दुसरं पत्र देते.”

सरांनी एक कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला. “द्या. अहवाल चुकीचा होता, असं लिहून द्या. मुलांचा नंबर जाईल, तुमची नेमणूक जाईल. आणि हे असले प्रकल्प उद्यापासून बंद, परत कागदावर चित्रं चिकटवा. हे सगळं होऊनही ती जागा परत येईल, असं मी सांगू शकत नाही. तरी द्या, मी पुढं पाठवतो.”

बाईंनी पेन उघडलं. तारीख लिहिली. बराच वेळ त्या तारखेकडं बघत राहिल्या. बावीस मुलांचं त्यांना खरंच वाटत होतं, आणि स्वतःचंही वाटत होतं. त्यातलं कशाचं किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढ्या वर्षांनी त्यांना आपलं काम आवडायला लागलं होतं. मोजपट्टी शेजारी उभी राहून कागदाकडं बघत होती. शेवटी बाईंनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, “उद्या देते.”

तो उद्या आला नाही. मला बाईंचा राग येतो. पण मलाही कुठं त्या दिवशी घरंगळून सांगता आलं?

थोरल्या मावशी शेवटची सही करायला आल्या तेव्हा मोजपट्टी वह्यांचा गठ्ठा ठेवायला आत आली होती. मावशींनी सही केली, पदर नीट केला आणि माझ्याजवळ येऊन दांड्यावर हात ठेवला.

“छान केलीत हो तुम्ही पोरांनी,” त्या म्हणाल्या. “धाकटीला होईल हिची मदत. एकटीला झेपणार नाही तिला ते.”

त्यांना माहीतच नव्हतं. आपली जागा खांद्यामुळं गेली, असं त्या समजत होत्या. कुणीतरी ऑफिसात बोललं असणार, एवढाच त्यांचा अंदाज. “तू नाहीस बोललीस, मला ठाऊक आहे,” त्या मोजपट्टीला म्हणाल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवला. त्या गेल्यावरही मोजपट्टी गठ्ठा धरून तशीच उभी होती.

पुढं धाकट्या मावशी एकट्याच पिंप नेऊ लागल्या. अर्धं भरून, सोळा खेपा. जिन्यावरून आता आवाज येत नसे. लेखनिक म्हणायचा, घरी दोघी जावांचं बोलणं बंद झालंय. थोरलीला वाटतं, खांद्याचं धाकटीनंच सांगितलं.

नववीत आणि पुन्हा दहावीत मुलांकडून पुढं काय व्हायचंय त्याचा तक्ता भरून घेतात. नववीत मोजपट्टीनं त्यात लिहिलं होतं, ‘माणसांच्या कामाच्या वस्तू तयार करणार.’ दहावीत तिनं लिहिलं, ‘काहीही चालेल.’ तो तक्ता माझ्यासमोरच्या टेबलावर आला, तसा गेला. त्यावरही सही बाईंचीच होती.

आता मी इथं आहे. त्यानंतर बाई प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्या आणि नमुना म्हणून मला सोबत घेऊन आल्या. दर महिन्याला चाळीस नवे शिक्षक येतात. बाई शिकवतात फार छान, हे मान्य करायला हवं. एका माणसाचं काम दिवसभर बघा, म्हणतात. मुलांना चुकू द्या, म्हणतात. माझ्यासमोर आल्या की मात्र बोलण्याचा वेग वाढतो.

काल मागच्या रांगेतल्या एका वयस्कर शिक्षकांनी हात वर केला. “बाई, ज्यांच्यासाठी ही गाडी केली, त्यांचं पुढं काय झालं?”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. दोन वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते.

“त्या निवृत्त झाल्या,” बाई म्हणाल्या. “चला, पुढचा रकाना बघू. फायदा. हा नेहमी आकड्यात लिहायचा.”

चाळीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं.

ते शिक्षक आज आपापल्या शाळांत परतले असतील. चाळीस शाळांत कुणीतरी पाणी भरतंय, झाडतंय, घंटा देतंय. माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचणार नाही, तरी सांगते. एखाद्या दिवशी मुलं वह्या घेऊन तुमच्या मागंमागं फिरतील. गुणी असतात ती. जीव लावून ऐकतात, तुमच्यासाठी खपतात. शाळा सुटताना ती विचारतील, यातलं काय नकोसं होतं? तेव्हा हसा, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवा आणि सांगा, काही नाही रे बाळांनो, सगळं ठीक आहे.