सीआरपी उतरवणारं भस्म

रामनगरच्या बाजारामागे एक आमराई आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या एप्रिलमध्ये सगळी काशी दारं लावून बसली होती आणि त्या आमराईत मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. लोक पुलावरून येत होते, होड्या भरभरून येत होते. कुणाच्या तोंडावर मास्क, कुणाच्या गमछा, कुणाच्या काहीच नाही. मधोमध एक जुनं आंब्याचं झाड होतं. त्याच्या फांद्यांना लाल दोऱ्यांनी शेकडो कागद बांधलेले होते. दुरून मला ते नवसाचे वाटले. जवळ गेले तर ते रक्ततपासणीचे रिपोर्ट निघाले, जोडीजोडीनं बांधलेले. एक भस्माआधीचा, एक भस्मानंतरचा. कित्येकांच्या खाली सही माझी होती.

"हम नहीं कहते कि हमें मानो," पत्र्याच्या मांडवातून निरामयनाथ महाराजांचा आवाज भोंग्यावरून येत होता. "हम कहते हैं, लैब को मानो! बोलो माई, सीआरपी कितना था?"

"एक सौ दस, महाराज!"

"और भस्म की चुटकी के बाद?"

"नौ!"

"नौ! मशीन झूठ बोलती है क्या? मशीन को हमने प्रसाद खिलाया है क्या?"

लोक हसले, मग जयजयकार झाला. महाराजांनी सिल्कच्या उपरण्यानं कपाळ पुसलं. "बड़े-बड़े डॉक्टर आंकड़े गिनते रह गए. हमारी चुटकी ने विज्ञान से हाथ जुड़वा लिए!"

आजवर मी पाहिलेले बुवा विज्ञानाला शिव्या घालत. हा पहिलाच असा, जो विज्ञानाला साक्षीदार म्हणून उभं करत होता. आणि साक्षीदार मीच होते.

मी देवयानी, पॅथॉलॉजिस्ट. मूळची अमरावतीची. नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून काशीला आले आणि मंगला गौरीच्या गल्लीत छोटी लॅब काढली. त्या दिवसांत गल्लीतली माणसं एकमेकांना ख्यालीखुशाली विचारावी तसा सीआरपी विचारत. शरीरात कुठे दाह भडकला की यकृत हे प्रथिन रक्तात सोडतं. दाह मोठा तर आकडा मोठा. करोनाच्या रुग्णात तो चढत गेला की डॉक्टर सावध होतात, कारण अशांपैकी बरेच जण पुढे गंभीर होतात. पण ती सूचना असते. सूचना म्हणजे आजार नव्हे.

आमराईत मी गेले ती यज्ञेश्वरशास्त्रींमुळे. शास्त्रीजी आमच्याच गल्लीतले. काही पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं कोकणातून इथे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. वेदपाठशाळेत शिकवायचे, ग्रहणाचं गणित स्वतः मांडायचे आणि नेमक्या ग्रहणाच्या वेळी मला मुद्दाम चहाला बोलवायचे. "राहू-केतू चहा पीत नाहीत, आपण पिऊ," म्हणायचे.

त्यांना ताप आला. चाचणी पॉझिटिव्ह निघाली, सीआरपी चौऱ्याऐंशी. ऑक्सिजन मात्र शहाण्णव होता. त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तापाची गोळी द्या, पाणी पाजा, ऑक्सिजन मोजत राहा. चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच कळवा.

त्यांचा मुलगा विश्वेश रेल्वेत इंजिनिअर. त्याला हे पटेना. "ताई, नुसतं मोजत बसायचं? ये भी कोई इलाज है?"

"सध्या हाच आहे, विश्वेश."

दोन-तीन दिवसांनी तो माझ्या लॅबच्या पायऱ्या धावतच चढला. शास्त्रीजींचं रक्त मीच पुन्हा तपासलं होतं. सीआरपी बारा.

"बघितलंत ना? अण्णांचा बुखार एकदम गायब! सकाळी उठून बसले, दोन पोळ्या खाल्ल्या, मोठ्यानं संथा म्हणत होते."

मी खालच्या ओळी बघत होते. विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, लिम्फोसाइट, आधीच कमी होत्या. त्या निम्म्यावर आल्या होत्या. न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या पेशी भलत्याच वाढल्या होत्या. शंका आली म्हणून उरलेल्या रक्तातून साखर काढली होती. ती चारशेच्या घरात. शास्त्रीजींना आयुष्यात कधी मधुमेह नव्हता.

"काय दिलंस त्यांना?"

"काही नाही."

"विश्वेश."

तो खाली बघत म्हणाला, "रामनगरचं भस्म. सगळेच घेतायत, ताई."

म्हणून मी पूल ओलांडून आमराईत गेले, आणि ते झाड पाहून आले.

परतल्यावर तडक शास्त्रीजींकडे गेले. ते उशीला टेकून बसले होते. चेहरा तरतरीत, डोळ्यांत चमक. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. ब्याण्णव.

"दम लागतो का, काका?"

"छे गं. कधी नव्हे इतकं बरं वाटतंय."

"ते भस्म बंद करा. डॉक्टरांना कळवल्याशिवाय पुढची चिमूट नको."

"भस्मानं काही होत नाही, हे मला कळतं, देवयानी," ते हसून म्हणाले. "पण बरं वाटतंय, ते खोटं कसं म्हणू?"

शास्त्रीजींच्या पत्नी, अंबिकाकाकू, दारात उभ्या होत्या. पुडी मागितली तर मुठीत घट्ट धरून राहिल्या. "वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुमच्याकडे काय होतं गं द्यायला? ताप आल्यापासून नुसती गोळी आणि पाणी. यानं निदान माणूस जेवला."

मी पुढे केलेला हात तसाच ठेवला. काकूंनी शेवटी पुडी दिली, पण अर्धं भस्म कागदावर काढून ठेवलं.

ब्याण्णव ऐकताच डॉक्टरांनी भरती करायला सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी आम्ही बेड शोधायला लागलो. विश्वेश एका फोनवर, मी दुसऱ्यावर. एके ठिकाणी नाव लिहून घेतलं, एके ठिकाणी रडून सांगितलं की आमचेच लोक जमिनीवर आहेत. बाकी ठिकाणी घंटी वाजत राहिली.

पुडी मी विश्वजीतकडे नेली. विश्वजीत माझा मित्र, विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवतो. त्यानं पांढरा थर दिलेली काचेची पट्टी घेतली. तळाशी एका बाजूला भस्माच्या अर्काचा ठिपका ठेवला. दुसऱ्या बाजूला, मला संशय होता म्हणून, औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळीचा. पट्टीचा पाय द्रावकात बुडवला. द्रावक वर चढत गेलं आणि आपल्याबरोबर ठिपक्यांतले पदार्थ घेऊन गेलं. प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीवर थांबतो. अतिनील दिव्याखाली पट्टी धरली तेव्हा दोन काळे डाग शेजारी शेजारी, एकाच उंचीवर होते. विश्वजीतनं द्रावक बदलून पुन्हा करून पाहिलं. तेच.

"गोवरीची राख, थोडी वेलची आणि भरपूर स्टेरॉइड," तो म्हणाला. "चमत्कार कुटून मिसळलाय."

सगळं जुळलं. स्टेरॉइड दाह दाबतं. ताप उतरतो, भूक लागते, माणूस उत्साहात येतो, सीआरपी झरझर खाली येतो. विषाणू मात्र तिथेच असतो, आणि त्याच्याशी लढणाऱ्या पेशी आणखी कमी होतात. साखर चढते, दुसऱ्या जंतूंना आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. आकडा खरा होता. त्याचा अर्थ खोटा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पट्टी आणि दिवा घेऊन आमराईत गेलो. मांडवात सावली होती. विश्वजीतनं दिवा लावला, डाग दाखवले, सोप्या हिंदीत समजावलं. लोक पुढे सरकून बघू लागले. क्षणभर मला वाटलं, झालं.

महाराज शांतपणे उठले. "बेटी, एक बात बता. ये दवा अस्पताल में भी देते हैं कि नहीं?"

"देतात, पण..."

"सुना? देते हैं!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "अस्पताल दे तो दवा, हम दें तो पाप? जो चीज़ लाखों में मिलती है, वही भगवान ने हमारी राख में भर दी. इसी को तो चमत्कार कहते हैं!"

मी ओरडून सांगत होते. ते औषध ज्यांचा ऑक्सिजन घटलाय त्यांना मोजून देतात, साखर बघत देतात. आजाराच्या सुरुवातीला, ऑक्सिजन चांगला असताना, त्याचा फायदा नाही, उलट धोका आहे. आणि या झाडावर फक्त परत आलेल्यांचे कागद आहेत. करोना झालेले बहुतेक लोक एरवीही बरे होतात. जे गेले, त्यांचा दुसरा रिपोर्ट बांधायला कोण येणार?

माझा आवाज भोंग्यापुढे टिकला नाही. "असर तो हो रहा है ना!" कुणीतरी म्हणालं. एका धिप्पाड सेवेकऱ्यानं पट्टी हिसकावली आणि पायाखाली फोडली. रांग पुन्हा सरळ झाली.

त्या दुपारी शास्त्रीजींचा ऑक्सिजन पंच्याऐंशीवर आला. आता त्यांना स्टेरॉइड खरोखरच लागणार होतं. पण साखर आधीच आवाक्याबाहेर, फुफ्फुसात दुसरा संसर्ग झाल्याची चिन्हं, आणि सोबत हवा होता भरपूर ऑक्सिजन. विश्वेशनं कुठून तरी सिलिंडर आणला. अँब्युलन्समध्ये घालून आम्ही एका दवाखान्याच्या फाटकाशी गेलो, मग दुसऱ्याच्या. तिथे फाटकाबाहेरच थांबायला सांगितलं. आत एखादा बेड रिकामा व्हायचा तर आतलं कुणीतरी जायला हवं होतं, आणि आम्ही त्याचीच वाट बघत होतो. माझ्या आयुष्यात मी इतकी निरुपयोगी कधीच नव्हते. सगळे आकडे मला कळत होते. त्यातला एकही मला हलवता येत नव्हता.

शास्त्रीजींनी मास्कमधून काहीतरी विचारलं. मी कान जवळ नेला. "आता सीआरपी किती?" त्यांना मनापासून जाणून घ्यायचं होतं.

फाटक उघडायच्या आधीच ते गेले.

मणिकर्णिकेच्या घाटावर विश्वेश आणि मी लांब उभे राहिलो. पायऱ्यांवर बांबूच्या तिरड्यांची रांग होती. आपली पाळी यायच्या आधी विश्वेशनं विचारलं, "ताई, भस्म दिलं नसतं तर अण्णा वाचले असते?"

"माहीत नाही."

"खरं सांगा."

"खरंच सांगतेय. वाचण्याची शक्यता जास्त होती. भस्मामुळे आजार झाकला गेला, साखर चढली, आपण गाफील राहिलो. पण एका माणसाबद्दल खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. जो सांगतो, तो महाराज होतो."

तो रडला नाही. "मीच जाऊन आणलं," एवढंच म्हणाला.

"तुला काहीतरी करायचं होतं. त्याचाच धंदा केला त्या महाराजानं."

दशक्रियेच्याही आधी काकू माझ्या दारात आल्या. "मला रामनगरला ने."

"काकू, सुतक..."

"असू दे."

विश्वेशनं गाडी काढली. आमराईत गर्दी तशीच होती. काकू रांगेच्या कडेनं चालत मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. कुंकू नसलेलं कपाळ पाहून बायका आपोआप बाजूला झाल्या. काकू कधी चार माणसांत बोलल्या नव्हत्या. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, "हमारी रिपोर्ट भी अच्छी आई थी. चौरासी से बारह. बुखार उतर गया था, खाना खाते थे. दो दिन में चले गए. इसमें अंग्रेज़ी दवा पिसी है. बुखार छुप जाता है, बीमारी नहीं जाती."

भोंगा गरजला, "माई शोक में है, माई को पानी पिलाओ!" पण या वेळी जवळच्या लोकांनी भोंग्याकडे पाहिलं नाही. एका बाईनं हातातली पुडी उघडून हुंगली आणि तशीच खाली टाकली. रांगेतून आठ-दहा जण बाहेर पडले. बाकीचे पन्नास-साठ तिथेच राहिले.

बाहेर पडलेल्यांत एक म्हातारे गृहस्थ होते. सायकलच्या कॅरियरवर त्यांची बायको बसली होती, पदरानं तोंड झाकून. त्यांनी मला विचारलं, "तो हम देखें क्या, बिटिया? रिपोर्ट न देखें?"

"रिपोर्ट बघा, पण डॉक्टरला दाखवा. एकट्या सीआरपीवर जाऊ नका. ऑक्सिजन मोजत राहा. ताप उतरला तरी मोजा. काय औषध घेतलं ते लपवू नका." मी पर्समधला माझा ऑक्सिमीटर काढून त्यांच्या बायकोच्या बोटाला लावला. एकोणनव्वद. "यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"ले जाएंगे," ते म्हणाले. "बेड कहां मिलेगा?"

विश्वेशनं त्यांच्या बायकोला उचलून गाडीत बसवलं, आणि आम्ही पुन्हा फोन लावायला सुरुवात केली.

महाराजांचा मांडव पुढे संचारबंदी मोडल्याबद्दल उठवला गेला, फसवणुकीबद्दल नाही. पुढच्या वर्षी ते सांधेदुखीवर भस्म देत होते. तेही गुणकारी आहे म्हणतात. त्यात काय असेल ते आता तुम्ही ओळखालच.

मी हे लिहिते आहे ते एवढ्यासाठी. चमत्काराचा पुरावा म्हणून कुणी तुमच्यापुढे आकडा धरला, तर आकडा खोटा आहे का एवढंच विचारू नका. तो कशानं बदलला, ते विचारा. ज्यांचा आकडा बदलला नाही ते कुठे आहेत, ते विचारा. पुडीत काय आहे, ते विचारा. आणि डॉक्टर जेव्हा म्हणतो की मला माहीत नाही, तेव्हा त्याच्यावर रागावू नका. ते ऐकणं फार जड जातं, हे मी फाटकाबाहेर उभी राहून शिकले आहे. पण त्या जड वाक्यानं कुणाच्या शरीरात विष जात नाही.