शब्द बाहेर येईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. हल्लीच्या टीव्हींसारखा भिंतीला चिकटलेला चपटा नव्हे. मला चांगली भरदार पाठ आहे आणि त्या पाठीमागे धूळ साठायला भरपूर जागाही आहे. पण माझी तक्रार धुळीबद्दल नाही. मनाला एक वेगळीच बोच लागली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझ्या पोटात तारा जोडल्या. मग एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझा आवाज पूर्ण वाढवून पाहिला आणि "हा खणखणीत बोलतो" म्हणून मला खोक्यात बंद केले. ही शाबासकी मी फार दिवस मिरवली. पण दुकानात मला विकत घ्यायला जे गृहस्थ आले, त्यांच्या आवाजापुढे माझा आवाज म्हणजे पिपाणी! ते बोलू लागले तेव्हा शेजारच्या दुकानातली माणसे भांडण बघायला म्हणून धावत आली. भांडण कसले, ते नुसते माझ्याखालचे स्टँड फुकट मागत होते. दुकानदाराने कानावर हात ठेवून ते देऊन टाकले.

हे माझे मालक घाऊक भाजी बाजारात लिलाव पुकारायचे. बाजारात त्यांना सगळे 'भोंगाशेठ' म्हणत. टोमॅटोच्या क्रेटच्या राशीपुढे उभे राहून ते ओरडत, "एक वार! दोन वार!" आणि मग थांबत. त्या थांबण्यातच त्यांची खरी कला होती म्हणे. तेवढ्यात कोणीतरी बोली वाढवायचाच. बोलणाऱ्याची बोरं विकतात ती अशी.

घरात त्यांचा मुलगा, सून आणि छोटी नात होती. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, सून घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. आजोबा घरात आले की माझे काही चालत नसे. मी बातम्या सांगायचो आणि ते माझ्यावर वरताण बोलायचे. जेवणाच्या टेबलावर चौघांची अशी काही जुंपायची, की शेवटी कोणीतरी वैतागून मलाच बंद करायचे. सुनेची संध्याकाळची मालिका तेवढी माझ्या वाट्याला येई. तेव्हा मी मनातल्या मनात फार धुसफुसायचो.

मग एका सकाळी भर बाजारात आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. इस्पितळातून ते परत आले ते काठी टेकत, आणि मुके होऊन. त्यांना सगळे समजायचे, पण बोलायला गेले की ओठ नुसते थरथरायचे, मानेच्या शिरा फुगायच्या आणि तोंडातून "हं... हं..." एवढेच निघायचे. ज्या माणसाने अख्खा बाजार आवाजावर नाचवला, त्याला पाणी मागता येईना. मला ते पाहवत नव्हते.

"पाणी हवंय का बाबा?" मुलगा विचारायचा. उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न तयार. "चहा देऊ? पंखा लावू?" आजोबा दोनदा मान हलवून नाही म्हणायचे आणि मग कंटाळून कशालाही हो म्हणायचे.

मुलाची तळमळ खोटी नव्हती. पण त्याने आपल्या धंद्यातले शहाणपण वडिलांना लावले. "अगं, अडकलेल्या लिफ्टचं असंच असतं," तो बायकोला म्हणाला. "सारखी वरखाली चालवत राहिलं की मोकळी होते. बाबांच्या कानावर दिवसभर शब्द पडू देत, आपोआप जिभेवर येतील." आणि त्याने वडिलांची खुर्ची टेबलाकडून फिरवून माझ्याकडे तोंड करून ठेवली.

मित्रांनो, खरे सांगतो, मी सुरुवातीला हरखलो. सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत मी एकटाच बोलायचो, मध्ये तोंड घालणारे कोणी नाही! पण लवकरच मला जे दिसू लागले त्याने माझे समाधान पार उडाले. बातम्या देणारी बाई एका दमात दहा वाक्ये बोलायची. आजोबा त्यातल्या एकासाठी तोंड उघडायचे, तोवर ती दुसऱ्या गावच्या पुरात पोहोचलेली असायची. मी ऐकतो सगळे, पण मला थांबता येत नाही. समोरच्याच्या जिवाची कितीही घालमेल होवो, माझे दळण चालूच. हळूहळू आजोबांनी तोंड उघडणेच सोडून दिले. घरचे लोकही ताटे मांडीवर घेऊन माझ्यासमोर जेवू लागले आणि टेबलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला.

मग इस्पितळाने पाठवलेल्या, वाचा शिकवणाऱ्या बाई घरी आल्या. त्यांनी आल्या आल्या आधी मला बंद केले.

"शब्द त्यांच्या डोक्यात आहेत," त्या म्हणाल्या. "बाहेर यायची वाट तेवढी अडलीय. तुम्ही एक प्रश्न विचारा आणि थांबा. कितीही वेळ लागला तरी थांबा. हा टीव्ही थांबतो का कधी त्यांच्यासाठी? आणि हे पहिले महिने वाया घालवू नका. आत्ता बोलायची सवय सुटली तर पुढे फार जड जाईल."

घरचे हबकले. रोज संध्याकाळी मला बंद ठेवून आजोबांशी बोलत बसायचे ठरले. पहिल्या दिवशी सुनेने विचारले, "बाबा, भाजी कोणती करू?" आणि सगळे थांबले. आजोबांचे ओठ हलू लागले. नळातून थेंब पडत होता तो ऐकू येत होता. नातीने पाय हलवले, सुनेने पदर सारखा केला, आणि मुलाचा हात आपसूक रिमोटकडे गेला. "फक्त स्कोअर बघतो," तो पुटपुटला. स्कोअर बघता बघता सामना संपला.

लोक मला करमणुकीसाठी लावतात, असा माझा समज होता. पण पुष्कळदा माणसांना एकमेकांसमोर गप्प बसवत नाही म्हणून ती मला लावतात, हे मला त्या दिवसांत कळले. त्या घराला माझी चटक लागली होती, पण त्याहून जास्त त्यांना त्या शांततेची भीती वाटत होती.

सुनेने मात्र कंबर कसली. तिने रिमोट पिठाच्या डब्यात टाकला. "ज्याला हवा त्याने हात पांढरे करून घ्यावेत," असे तिने बजावले. काही संध्याकाळी खरेच छान गेल्या. एकदा नातीने टेबलावर कांदे मांडून "एक वार! दोन वार!" असा पुकारा केला, तर आजोबांच्या तोंडून "तीन वार!" असे अख्खे बाहेर पडले. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण बाईंनी सांगितले, की ते तोंडात बसलेले होते म्हणून निसटले. मनातला शब्द अजून यायचा होता.

आणि नेमका सुनेच्या मालिकेचा शेवटचा भाग आला. तिच्या बहिणीचा फोन वाजला, "अगं, आज खुनी कळणार!" दिवसभर शिवणयंत्रावर तिचे मन लागेना. संध्याकाळी तिने डबा उघडला, रिमोट पदराने पुसला आणि म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस. चालेल ना?" आजोबांनी मान हलवली. ते तर कशालाही मान हलवत.

मी सुरू झालो. ढोल, किंकाळ्या, विजांचा कडकडाट. तिघेही माझ्याकडे डोळे लावून बसले. आजोबांनी काठी जमिनीवर आपटली.

"पाणी?" मुलाने मान न वळवता विचारले. पुन्हा काठी आपटली. "मग पंखा लावू?"

आजोबांचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. सगळे माझ्याकडे पाहत होते. त्यांच्याकडे पाहणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. वीज जावी, माझी एखादी तार तुटावी, काहीतरी व्हावे, असे मला वाटत होते. पण मी आपला कोकलतच होतो.

"बं..." आजोबा म्हणाले.

"बिस्कीट?" मुलगा म्हणाला.

"बं... बंद!"

सुनेने झटकन वळून पाहिले. "काय म्हणालात बाबा?"

"बंद... कर."

इतक्या दिवसांनी त्यांच्या मनातून निघालेला हा पहिला शब्द, आणि तो माझ्याविरुद्ध होता. मला वाईट वाटले का? हो, वाटले. पण त्याहून मोठा आनंद झाला, आणि तो आनंद मला दाखवताही येईना. खुनी कोण ते कळायच्या आत तिने मला बंद केले.

मग कोणी पाणी विचारले नाही, कोणी पंख्याचे नाव काढले नाही. मुलगा वडिलांच्या पायाशी येऊन बसला. नात त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली. नळ टपटपत होता आणि या वेळी ती शांतता कोणी मोडली नाही. आजोबांचे ओठ कितीतरी वेळ जुळत होते, सुटत होते.

"तुम्ही..." ते अखेर म्हणाले. श्वास घेतला. "बोला ना."

सून रडू लागली. "काय बोलू बाबा?" तिने विचारले आणि दुसऱ्या क्षणी बोलायला लागलीसुद्धा, गणवेशाच्या कापडाबद्दल, बहिणीबद्दल, काहीबाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. आजोबांचे बोलणे अजून लंगडतच चालते. एखाद्या थकलेल्या संध्याकाळी पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आजही येतो. मोह काही एकदा हरला म्हणून कायमचा घर सोडून जात नाही.

म्हणून मित्रांनो, एवढे माझे ऐका. मला अधूनमधून जरूर लावा, मी तुम्हाला हसवीन, जग दाखवीन. पण मला लावण्याआधी एकदा खोलीत बघा, कोणी काही सांगायला तोंड उघडले आहे का. मला शब्दांचा कधी तोटा पडत नाही. ज्याला एकेक शब्द ओढून आणावा लागतो, त्याचे आधी ऐका. आता मला बंद करा पाहू.