कमळाची कटिंग

"मान खाली," आमचे हे म्हणाले, आणि मग त्यांच्याच लक्षात आलं की समोर गिऱ्हाईक नाही, फिशटँक आहे.

कॉटवरून सासूबाई खुदकन हसल्या. "ते ऐकतंय होय तुझं!"

"सवय गं आई," असं म्हणत ह्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि कमळाच्या एका पानाचा देठ अगदी बुडापाशी कचकन कापला.

एकतीस वर्षं सलून चालवतायत. सुट्टीच्या दिवशी तरी माणसानं कात्री खाली ठेवावी की नाही? पण नाही. सकाळी चहा झाला की टाकीभोवती दुकानातलं जुनं कापड पसरायचं, झाकण काढायचं आणि कमळाची कटिंग करायची. जुनी लांब कात्री त्यासाठीच वेगळी ठेवलेली. काम झालं की ती पुसून, तेलाचा थेंब लावून ठेवायची. माझ्या वाट्याला कापलेल्या पानांची बादली.

कमळाचा कंद ह्यांना मासेवाल्यानं दिला होता. खायचे नव्हे, पाळायचे मासे विकतो तो. दर महिन्याला दाढी-कटिंगला येतो. ओल्या कागदात गुंडाळलेली सुपारीएवढी गाठ हातावर ठेवून तो म्हणाला, "शेठ, याची पानं वर पळायला बघतात. वर गेलेलं पान बुडातून कापायचं. मग झाड बुटकं राहतं, खाली भरगच्च होतं."

"म्हणजे कटिंगच की!" हे खूश.

"वर सोडलंत तर फूल येईल. पण पानं पाण्यावर पसरली की खाली अंधार होतो. मासे दिसायचे नाहीत."

टाकी मुळात सासूबाईंसाठीच आणलेली. खुब्याचं हाड मोडून त्या पडून होत्या, आणि आता त्या उठून चालतील अशी आशा धरू नका, असं डॉक्टरांनी आम्हाला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं. कॉटवरून त्यांना दिसायचं ते एक कपाट, एक खिडकी आणि ही टाकी. त्यामुळे मासे दिसले पाहिजेत. पानं कापलीच पाहिजेत. दोन वर्षांत एकाही पानाला ह्यांनी पाण्याबाहेर डोकं काढू दिलं नाही. लालसर, ठिपक्यांची पानं खाली अशी दाट झाली की मासेवाला स्वतः बघायला आला आणि माझ्या दुकानातसुद्धा असं कमळ नाही म्हणाला. त्या दिवशी ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

माशांना सासूबाईंनी नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. जाडजूड केशरी मासा म्हणजे त्यांची थोरली जाऊ. "बघ, खाऊन खाऊन परत आली तोंड वर करून," असं चालायचं दिवसभर. मला आवडायचं ते. घरात बोलणारं माणूस असलं की घर बरं वाटतं.

मग केसांचं झालं.

सासूबाईंचे केस या वयातही कमरेपर्यंत होते. सगळे पांढरे, पण जाड. पडून पडून त्यांचा मागे नुसता गोळा झाला. मी रोज तासभर विंचरायचे, त्या दात आवळून सोसायच्या. शेवटी पाठीवरच्या जखमेची पट्टी बदलायला येणारी नर्स म्हणाली, "मावशी, कापून टाका. मानेलाही जखम होईल."

सासूबाईंनी मागचा गोळा हातानं चाचपून बघितला. मग ह्यांना म्हणाल्या, "काप."

ह्यांनी उशीवर कापड घातलं. हजारो डोकी हाताखालून गेलेला माणूस, पण त्या दिवशी कात्री चालेना. मानेपर्यंत केस कापून झाले तेव्हा ह्यांनी गिऱ्हाइकांना सांगतात तेच सांगितलं, "वाढतील गं परत." दुकानात कटिंग झाली की डोक्यामागे आरसा धरून दाखवायची ह्यांची रीत, त्या दिवशी तो धरायचं धाडस झालं नाही. दोन दिवस सासूबाई कोणाशी बोलल्या नाहीत. थोरल्या जावेलासुद्धा नाही.

पुढच्या सुट्टीला हे कापड पसरून टाकीपाशी उभे राहिले, तेव्हा कॉटवरून आवाज आला, "त्याचं तरी राहू दे."

"काय?"

"कमळाचं. वर जायचंय ना त्याला? जाऊ दे. मला फूल बघायचंय."

"अगं, मासे दिसणार नाहीत तुला."

"बघितले मासे. रोज तीच मेली जाऊबाई."

आजारपणात या बाईनं काही मागितलं असेल तर ते एवढंच. उशी हवी, पाणी हवं, हेसुद्धा आपणहून कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनी कात्री पुसून ठेवली.

पानं म्हणता म्हणता वर सुटली. महिन्याभरात पाणी झाकून गेलं. ह्यांनी झाकण कायमचं काढून दिवा वर टांगला. खालची दाट पानं विरळ झाली, पिवळी पडली. येता-जाता ह्यांचे हात नुसते शिवशिवायचे. "नुसतं जंगल झालंय," म्हणायचे. मी डोळे वटारले की दुकानात निघून जायचे.

एका सुट्टीला, फक्त पिवळी पानं काढतो म्हणून, ह्यांनी कात्री घेतली. मी आत कपडे वाळत घालत होते. बादली उचलायला आले आणि बघते तर पिवळ्या पानांमध्ये एक देठ, आणि देठाच्या टोकाला बोराएवढी हिरवी कळी.

मी ती ह्यांच्यापुढे धरली.

हे स्टुलावर बसले. "बाहेर आलेलं दिसलं... हात गेला." बादली तशीच मोरीत नेऊन रिकामी करता आली असती, कोणाला कळलं नसतं. पण हे उठले आणि कळी घेऊन कॉटपाशी गेले.

"आई, मी कापली गं. बघितलंच नाही."

सासूबाईंनी कळी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. मग म्हणाल्या, "रडतोस काय? वाढेल परत. तूच सांगतोस ना सगळ्यांना?"

त्या हसत होत्या. हे मात्र हसले नाहीत. संध्याकाळी कात्री माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस." मी ती माझ्या कपड्यांच्या कपाटात, सगळ्यात खाली ठेवली.

दिवस मात्र जात होते. सासूबाईंचं जेवण कमी झालं. बोलणंही थकलं. कात्री नाही, तर हे टाकीत नुसते वाकून बघायचे. मला धाकधूक होती की फुलाच्या आधीच काही तरी व्हायचं.

पाचव्या आठवड्यात कळी आली. आणि एका सकाळी मी खिडकी उघडली तर पाण्याच्या वर वीतभर उंच, फिकट गुलाबी फूल उमललेलं.

"आई!" मी ओरडलेच. "आलं!"

सासूबाईंनी मान वळवली. आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात प्रकाश पडला. टाकी स्टँडवर, तिचा काठ छातीएवढा उंच. फूल त्याच्याही वर, पानांच्या पलीकडे. कॉटवरून त्यांना दिसत होता फक्त देठ आणि पानांची लाल पोटं. त्यांना उठवून बसवणं शक्य नव्हतं, आणि भरलेली टाकी उचलायला चार माणसं लागली असती.

"असू दे," त्या म्हणाल्या. "देठ छान आहे."

हे चप्पल घालून तडक निघून गेले. मला वाटलं, सहन झालं नाही. दहा मिनिटांत धापा टाकत परत आले. हातात दुकानातला आरसा, डोक्यामागे धरून दाखवायचा तो. स्टुलावर चढून त्यांनी तो फुलावर तिरका धरला, आणि सवयीनं विचारलं, "ठीक आहे?"

सासूबाई बघत राहिल्या. किती वेळ, मी मोजलं नाही. ह्यांनी हात बदलला, पण आरसा खाली घेतला नाही. त्या दिवशी सलून पहिल्यांदा उशिरा उघडलं.

"जरा इकडे फिरव," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी आरसा कॉटच्या डोक्याशी आणला. सासूबाईंनी मान थोडी वळवून स्वतःचे केस बघितले, कानामागून बोटं फिरवली.

"बरे कापलेत की," त्या म्हणाल्या. "आता परत फूल दाखव."