केरेन्सिया

विकलेला घोडा परत आला, त्या दिवशी हा शब्द बासिलिया शिकली. बोलीव्हियाच्या डोंगरातली केचुआ बोलणारी पोर ती. लग्न होऊन पाम्पाच्या या सपाट मुलखात आली, तेव्हा स्पॅनिश जेमतेम येत होतं. सासू एर्मेलिंदा कामं सांगता सांगता शब्द शिकवायची. फाटकापाशी घामेजून उभ्या घोड्याकडे बघत म्हणाली, "केरेन्सिया. जीव जिथं रुजलाय ना, तिकडंच पाय वळतात." विकत आणलेलं जनावर रुळवायचं तर त्याच्या शेपटीचे केस उंबऱ्याखाली पुरतात, हेही सांगितलं. बासिलियाला शब्द आवडला. माझी केरेन्सिया तिकडं डोंगरात, आईपाशी, असं तिनं लगेच म्हणून पाहिलं.

"ते तोंडानं ठरत नसतं," सासू म्हणाली, आणि नवरा निकानोर खो खो हसला.

तोच निकानोर पुढं नदीत बुडून गेला. सासू मात्र जेवायला अजूनही तीन ताटल्या मांडायची. म्हातारीचं डोकं फिरलंय, इथं राहिले तर माझंही फिरेल, असं ठरवून बासिलियानं गाठोडं बांधलं. आईकडं जायचं, बस्स.

सकाळी निघाली ती डांबरी रस्त्याच्या रोखानं सरळ चालली. ना टेकडी ना वळण, माणूस चुकेल कसा? पण दिवस कलला तेव्हा समोर तेच फाटक. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. सासूनं काही न विचारता रस्सा वाढला. लग्नाच्या आठवड्यात सासूनं बासिलियाची वेणी विंचरून टोकं छाटली होती, ते तिला आठवलं.

सुरी घेऊन तिनं उंबऱ्याखालची माती उकरली. पुरचुंडी निघाली. सोडून बघते तर आत केस होते, आखूड, तांबूस, कुरळे. निकानोरचे.

"तुझे कशाला पुरू गं?" सासू मागून म्हणाली. "त्याचे कापून घेतले मी, शवपेटी बंद करायच्या आधी. तुला कुणी बांधलेलं नाही, पोरी. तू आपल्या पायांनी येतेस."

बासिलियाला रडू फुटलं. भीती होतीच, पण त्याहून जास्त तिला तो हवा होता.

बाहेर फाटक करकरलं. घोडा तर तबेल्यात बांधलेला होता. अंगणातून ओली पावलं घराकडं येऊ लागली.

तिनं घाईघाईनं पुरचुंडी बांधून होती तिथंच पुरली. मग हात धुतले, आणि तिसरी ताटली तिनंच मांडली.