चौथ्या पानावरचा नियम

शनिवारी दुपारी आलेला लिफाफा हनुमंत ओव्हाळने स्टाफरूममध्येच फोडला. आत सायक्लोस्टाइल केलेली सहा पानं होती. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं : ‘अध्यापन सहयोग मंडळ, घटना व नियमावली, मसुदा’. खाली सभेची तारीख : २१ जानेवारी १९७३, रविवार, सकाळी दहा, लोणावळा.

हा मसुदा त्याला पाठ असायला हवा होता. दिवाळीच्या सुट्टीत तिघांनी बसून तो तयार केला होता : मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य वामनराव खांबेटे, मानसशास्त्राच्या प्राध्यापिका यमुनाताई भेगडे, आणि सचिव म्हणून तो स्वतः. तरीही सवयीने तो पहिल्या ओळीपासून वाचत गेला आणि चौथ्या पानावर थबकला.

नियम चौदा, पोटनियम ‘अ’ : ‘अध्यक्षपदाच्या उमेदवारास महाविद्यालयातील अध्यापनाचा किमान बारा वर्षांचा अनुभव असला पाहिजे.’

हा नियम दिवाळीत नव्हता. नव्हताच. त्याने चहाचा कप बाजूला सारला आणि ओळ पुन्हा वाचली. बारा वर्षं. कॉलेजात त्याची आठ झाली होती. त्याआधीची सहा वडगावच्या शाळेत गेली होती, पण शाळा म्हणजे महाविद्यालय नव्हे.

मंडळ तसं साधंच होतं. एम.ए. झालेला पोरगा आज निकाल घेतो आणि उद्या शंभर मुलांच्या वर्गात उभा राहतो; त्याला कसं शिकवायचं ते कोणीच शिकवत नाही. म्हणून सहासष्ट साली पाच प्राध्यापक लोणावळ्यात जमले आणि मे महिन्याच्या सुट्टीत नव्या प्राध्यापकांसाठी आठ दिवसांचं शिबिर घेऊ लागले. मानधन नाही, पद नाही, डबा आपापला. सहा वर्षांत सभासद त्रेचाळीस झाले. आता संस्था नोंदवायची, तर नियम हवेत. आणि खांबेटे सरांनी जाहीरच केलं होतं, ‘नोंदणी झाली की मी मोकळा. नवा अध्यक्ष निवडा.’

त्या दिवसापासून हनुमंतच्या मनात एक गोष्ट घर करून होती. ती त्याने बायकोलाही सांगितली नव्हती. शिबिराचं वेळापत्रक तो आखायचा, पत्रं तो लिहायचा, नव्या पोरांचे धडे मागच्या बाकावर बसून तो ऐकायचा. मग अध्यक्ष का नाही?

त्याने पानं खिडकीशी नेली. चौथ्या पानाचा टाइप वेगळा होता. बाकीच्या पानांवर ‘र’ थोडा वर उचललेला. इथे तो सरळ ओळीत. म्हणजे एकच पान दुसऱ्या यंत्रावर टाइप करून मध्ये घातलं होतं.

संध्याकाळी तो सुदुंबऱ्याला घरी गेला. आई, चिमाबाई, ओट्यावर पावटा सोलत बसली होती. त्याचा चेहरा बघून तिने विचारलं, “काय झालं रं? कुनी बोललं का?”

“बोललं न्हाई. लिवलं,” तो म्हणाला, आणि पान बदलल्याची हकिकत त्याने सोप्या शब्दांत सांगितली.

चिमाबाईचे हात थांबले. “तुज्या बापाचं बी असंच. चावडीत कागद वाचून दाखिवला तवा वड्याकडचा तुकडा आपला व्हता. अंगठा घेतला आन् सा म्हैन्यांनी कळलं, कागदावर दुसरंच लिवल्यालं. वाचनारा लय गोड बोलायचा. आमी त्याला ताक पाजलं व्हतं.” शेंग टोपलीत टाकून ती म्हणाली, “तुला निदान वाचाया येतंय.”

वतनाच्या जमिनीची ती गोष्ट हनुमंतने शंभरदा ऐकली होती. पण त्या संध्याकाळी त्याला चावडीतल्या माणसाचा चेहरा दिसला, आणि तो हुबेहूब खांबेटे सरांचा होता.

रविवारी सकाळी तो लोणावळ्याला गेला. मसुद्याच्या प्रती बाजारपेठेतल्या हौशीरामच्या दुकानात निघाल्या होत्या. हौशीराम शाईने काळे झालेले हात फडक्याला पुसत म्हणाला, “चौथं पान? ते मागाहून आलं, सर. पाच पानांच्या स्टेन्सिला आधीच आल्या होत्या. चौथ्याची दोन दिवसांनी आली.”

“कोणी आणली?”

“वलवणच्या बंगल्यावरचा माळी. कोंडू. खांबेटे सायबांची चिठ्ठी होती बरोबर, की हे पान लावा.”

एवढं पुरे होतं. हनुमंत तिथूनच तडक वलवणला निघाला. वाटेत त्याला एकेक जुनी गोष्ट आठवत गेली आणि प्रत्येकीला आता नवा अर्थ चिकटत होता. सर त्याला नेहमी ‘आमचे ओव्हाळ’ म्हणत. आमचे म्हणजे काय? शिबिराचं उद्घाटनाचं भाषण एकदाही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. आभार मात्र दर वर्षी त्यानेच मानायचे. सरांचा भाचा, पुण्याचा प्राध्यापक नारळकर, गेल्या शिबिरात सगळ्यांशी फारच गोड बोलत फिरत होता. तो कशासाठी?

खांबेटे व्हरांड्यात मोसंबं सोलत बसले होते. “या ओव्हाळ,” ते म्हणाले. “अचानक?”

हनुमंत पायरीवरच उभा राहिला. “सर, मी अध्यक्ष व्हायला नको होतं तर तोंडावर सांगायचं. पान बदलायची काय गरज होती?”

“कुठलं पान?”

“चौथं. कोंडूच्या हाती पाठवलेलं.”

खांबेट्यांनी मोसंबं ताटलीत ठेवलं. हात पुसले, आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. त्यांच्या वळणदार अक्षरातला मूळ मसुदा त्यात होता. चौदाव्या नियमाला पोटनियम नव्हता.

“गणसंख्येचा आकडा तुम्ही बदलायला सांगितला होतात, आठवतं? पंचवीसऐवजी वीस. माझं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. म्हणून ते पान मी यमुनाबाईंकडे पाठवलं. त्यांनी नवी स्टेन्सिल टाइप करून दिली. मी ती न वाचता हौशीरामकडे धाडली.” त्यांनी फाइल मिटली. त्यांचा आवाज चढला नव्हता. “न वाचता धाडली, ही चूक माझी. पण ओव्हाळ, तुम्ही विचारायला आला नाहीत. निकाल सांगायला आलात. सहा वर्षं एकत्र काम केल्यावर.”

‘येतो’ एवढं म्हणून हनुमंत फाटकाबाहेर पडला.

लाज वाटायला हवी होती आणि ती वाटतही होती. पण स्टेशनवर येईपर्यंत दुसरंच काही डोक्यात शिरलं. फाइलमधला कागद नंतर लिहिलेला नसेल कशावरून? यमुनाताईंचं नाव किती सहज पुढे केलं! त्या तर मंडळातल्या त्याच्या सर्वांत जवळच्या. दोघं एकाच गाडीने तळेगावहून यायचे, वादात एकाच बाजूला असायचे. आता त्यांच्याविषयीही त्याचं मन कलुषित करायचा हा डाव असेल तर?

यमुनाताई तळेगावात स्टेशनजवळच राहत. तो गेला तेव्हा त्या पेपर तपासत होत्या. त्याने चौथं पान पुढ्यात ठेवलं आणि या वेळी नीट विचारलं, “ताई, हा पोटनियम कुठून आला?”

“मी घातला,” त्या लगेच म्हणाल्या. “बरं झालं तुम्ही आलात. तुम्हाला सांगायचंच होतं, पण कॉलेजच्या परीक्षेत राहून गेलं.”

हनुमंत खुर्चीवर बसला.

“तो नारळकर उभा राहणार आहे,” यमुनाताई आवाज खाली आणून म्हणाल्या. “पुण्यातल्या बारा-पंधरा सभासदांना भेटून आला आहे. मामा गेला की भाचा बसणार. मंडळ म्हणजे काय त्यांच्या घरचा बंगला आहे? त्याची नोकरी सहा वर्षांची. बारा वर्षांची अट घातली की तो आपोआप बाद. खांबेटे सर वाचणार नाहीत याची खात्री होती मला. गणसंख्या सोडून ते काही बघत नाहीत.”

“आणि माझी किती वर्षं झाली?”

“तुमची?” यमुनाताईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत आधी नुसता हिशेब दिसला, मग तो जुळला. “आठ.”

बाहेरून मालगाडी गेली.

“तुम्हाला व्हायचं होतं अध्यक्ष?” त्यांनी विचारलं. “हनुमंतराव, खरं सांगते, माझ्या ध्यानातच आलं नाही. तुम्ही सचिव आहात, तुमच्यासारखा सचिव मिळणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात. अध्यक्ष म्हणून मी आपल्या ज्येष्ठ सभासद जोगळेकर बाईंचा विचार करत होते. तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

तो हे रागाने म्हणाला नाही. राग यायला समोर वैरी असावा लागतो. गेले दोन दिवस त्याने वैरी शोधला होता. त्याला कोणीतरी अडवतंय, म्हणजे निदान कोणाला तरी त्याची भीती वाटतेय, या समजुतीत एक ऊब होती. आता कळलं की कोणी अडवलंच नव्हतं. त्याच्या बाजूच्या माणसाने मंडळाच्या भल्याचा विचार केला, आणि त्या विचारात तो कुठे नव्हताच.

यमुनाताई उठल्या. “हे बघा, मी पान परत टाइप करते. पोटनियम काढून टाकते. सभेआधी हौशीरामकडून नव्या प्रती काढू, म्हणू की छपाईची चूक होती. कोणाला कळणारही नाही.”

मोह झाला, नाही असं नाही. एक पान बदललं की सगळं सुरळीत होणार होतं. हनुमंतने ते पान घडी करून खिशात घातलं.

“नको,” तो म्हणाला. “कोणाला कळणार नाही, हेच नको. सभेतच काढू.”

“मग नारळकरला मोकळं रान मिळेल.”

“मिळू द्या.”

“आणि मी? सगळ्यांसमोर मी चोर ठरणार?”

“तुमचं नाव मी घेणार नाही,” तो म्हणाला. “घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

एकवीस तारखेला सभेला पस्तीस जण आले. लोणावळ्यातल्या एका आरोग्यभवनाचा हॉल मिळाला होता. जानेवारीची थंडी होती, लोक मफलर गुंडाळून बसले होते. खांबेटे अध्यक्षस्थानी होते. त्यांनी हनुमंतकडे पाहिलं नाही. नियम एकेक करून वाचले गेले आणि चौदावा आला तेव्हा हनुमंत उभा राहिला.

“पोटनियम ‘अ’ काढून टाकावा अशी माझी उपसूचना आहे,” तो म्हणाला. “कारण दोन. तीन जणांच्या समितीत हा ठरला नव्हता; मसुदा तयार झाल्यावर तो आत आला. आणि दुसरं, या नियमाने मी बाद होतो. मला अध्यक्षपदाला उभं राहायचं आहे.”

हॉलमध्ये कुजबूज झाली. मागून कोणीतरी ‘अरे वा’ म्हणालं. त्यात कौतुक होतं की आणखी काही, ते त्याला कळलं नाही.

“आणखी एक,” तो म्हणाला. “हा नियम खांबेटे सरांनी घातला असं मी समजलो. त्यांच्या घरी जाऊन तसं बोललो. ते खोटं होतं. मी त्यांची इथे माफी मागतो.”

खांबेट्यांनी समोरचे कागद सारखे केले. “नोंद घेतली,” एवढंच ते म्हणाले.

मग यमुनाताई उभ्या राहिल्या. “पोटनियम मी घातला. समितीला न विचारता. का घातला ते सांगत नाही, पण कोणाच्या सांगण्यावरून नाही.” आणि त्या बसल्या.

उपसूचनेला पहिला पाठिंबा नारळकरने दिला. उंच, तरतरीत, गोड आवाजाचा माणूस. ‘वर्षं मोजण्यापेक्षा माणसं पाहावीत’ वगैरे तो छान बोलला. हात वर झाले : काढण्याच्या बाजूने तेवीस, विरुद्ध बारा. नियमावलीतला प्रत्येक बदल समितीतल्या तिघांच्या सहीशिवाय सभेपुढे येऊ नये, ही हनुमंतची दुसरी सूचना मात्र एकमताने मंजूर झाली.

जेवणानंतर निवडणूक झाली. चिठ्ठ्या टोपीत गोळा केल्या. जोगळेकर बाईंनी उभं राहायला नकार दिला होता, म्हणून नावं दोनच होती. नारळकरला एकोणीस मतं पडली, हनुमंत ओव्हाळला सोळा.

तो पडला. पण सोळा हा आकडा त्याने अपेक्षिला नव्हता. सोळा माणसं! त्याने मनातल्या मनात ती मोजायला सुरुवात केली आणि अकराच्या पुढे त्याला नावं सुचेनात. उरलेली पाच कोण? खांबेट्यांनी भाच्याला दिलं असणार. की नसेल? सर बाहेर पडताना त्याच्याजवळ थांबले, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि म्हणाले, “आभार मानायचं काम या खेपेला दुसऱ्या कोणावर सोपवा.” हे रागाने म्हणाले की मायेने, ते तो गाडी येईपर्यंत ठरवू शकला नाही.

नारळकरने सचिवपदावर राहा असा आग्रह केला. हनुमंतने नाही म्हटलं. “शिबिरात शिकवायला येईन,” तो म्हणाला. “पहिल्या दिवशीचं पहिलं व्याख्यान द्या मला.” नारळकरने क्षणभर विचार केला आणि तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं.

लोणावळा स्टेशनावर यमुनाताई बाकावर बसल्या होत्या. तो जाऊन शेजारी बसला. दुसरीकडे कुठे बसणार?

“मी तुम्हालाच—” त्यांनी सुरुवात केली.

“सांगू नका,” तो म्हणाला. “मतदान गुप्त आहे.”

खरं कारण ते नव्हतं. त्या जे सांगतील त्यावर विश्वास बसेलच असं त्याला वाटत नव्हतं, आणि बसला नाही तर ते ऐकून काय करायचं? महिन्यापूर्वी या बाईंनी रात्र म्हणून दिवस दाखवला असता तरी त्याने मानलं असतं. यमुनाताईही बहुधा ते समजल्या. त्यांनी मान हलवली आणि पिशवीतून मे महिन्याच्या शिबिराचा कच्चा आराखडा काढला.

गाडी आली. दोघं नेहमीच्या डब्यात चढले, समोरासमोर बसले, आणि मळवली, कामशेत जाईपर्यंत गणिताच्या प्राध्यापकांना सकाळचा तास द्यावा की दुपारचा, यावर बोलत राहिले.